'अनुत्तीर्ण महिला' ऐवजी

मी आयुष्याची बरीच वर्षं ज्या त्रैमासिकासाठी झिजलो, ते कोणी वाचत नसे. हे रडगाणं म्हणून सांगत नाही, आमच्या धंद्याचं स्वरूपच तसं आहे. कथा-कवितांचं मासिक वाचण्यासाठी निघतं. संशोधनपत्रिका निघते ती लेख छापून येण्यासाठी. लिहिणाऱ्याला लेख अंकात हवा असतो, अंक नको असतो. लेखकाला टपालानं पाठवलेली प्रत 'पत्त्यावर कोणी नाही' असा शेरा घेऊन परत यायची, आणि त्याच लेखकाचा त्याच आठवड्यात फोन यायचा की प्रकाशनाचं प्रमाणपत्र कधी मिळेल.

मी नेमकं काय करतो हे माझ्या घरच्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. मखमलाबादकडे आमची भावकी, सगळे भाजी, फुलं आणि द्राक्षवाले. लग्नकार्यात चुलतभाऊ ओळख करून द्यायचा, "हे आमचे दादा, पेपरात असतात." की समोरचा लगेच त्याच्या कॉलनीतल्या पाण्याची तक्रार सांगू लागे आणि उद्याच्या अंकात येईल का म्हणून विचारी. आमचा उद्याचा अंक तीन महिन्यांनी निघायचा आणि त्यात पाण्यावर लेख असलाच तर तो कुठल्या तरी शिलालेखातल्या पाण्यावर असायचा.

काम समजायला सोपं आहे. नाशिकच्या एका शिक्षणसंस्थेची ही पत्रिका. समाजशास्त्र, इतिहास, मराठी, भूगोल, जे येईल ते. लेख आला की मी तो आधी वाचायचो. मग लेखकाचं नाव झाकून दोन जाणकारांकडे पाठवायचो. कागदोपत्री त्यांना 'परीक्षक' म्हणतात, आम्ही ऑफिसात 'पंच' म्हणायचो. पंच सांगणार, छापा, दुरुस्त करा किंवा परत करा. मग संदर्भ तपासायचे, म्हणजे कोणाचं म्हणणं कुठून घेतलं ते त्या वाक्यापुढे कंसात लिहिलंय की नाही ते बघायचं. मग लेख चोरलेला नाही ना, हे संगणकावर तपासायचं. संगणक सांगतो, याची इतकी वाक्यं दुसऱ्या एका छापील लेखाशी जुळतात. एवढं झालं की छापायचं. कंसातलं ते नाव म्हणजे आमच्या धंद्याची अब्रू. ज्याचं त्याला द्यावं, बाकी विद्वत्ता असली नसली तरी चालते, असं मी नव्या मुलांना शिकवायचो.

पुढे सगळ्या कॉलेजांत नोकरी आणि बढती या छापील लेखांच्या गुणांवर मोजली जाऊ लागली तेव्हापासून आमच्या दाराशी जत्रा लागली. मागच्या तारखेच्या अंकात लेख हवा, असं म्हणत एक गृहस्थ इगतपुरीहून भर पावसात निथळत आले. गेल्या वर्षीचा अंक छापून, वाटून झाला होता. ते म्हणाले, "दोन पानं चिकटवून द्या ना सर, कोण बघतंय?" कोणी बघत नव्हतं हे खरंच होतं. मी त्यांना पंचा दिला, चहा दिला आणि नाही म्हणालो. त्यांच्या चष्म्यावरचं पाणी पुसून होईना, नंतर लक्षात आलं की ते पावसाचं नव्हतं. असल्या माणसांचा राग येत नाही हो. राग कशावर धरावा तेच कळत नाही.

दुसरे एक वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. त्यांचा गोदावरीतल्या शेवाळावरचा लेख चांगला होता, पंचांनीही वाखाणला. छपाईला जाताना त्यांचा निरोप आला, दुसरा लेखक म्हणून अमुक नाव घाला. अमुक कोण, तर त्यांचे जावई, आणि जावई वाणिज्य शिकवायचे. मी फोन केला तर सर मोकळेपणानं म्हणाले, "यंदा धोंड्याचा महिना आहे. अनारसे, चांदीचं ताट सगळं झालं, तरी जावईबापूंचं तोंड वाकडंच. त्यांची बढती अडलीय." मी म्हटलं, "सर, अजून तेहतीस अनारसे द्या, पण शेवाळ देऊ नका." ते हसले. लेख मात्र त्यांनी काढून घेतला आणि तो दुसरीकडे जावयासकट छापून आला. पुढच्या अधिकमासात काय दिलं ते मी विचारलं नाही.

इथपर्यंत हसण्यावारी नेता येतं. वनिता भोयेचं प्रकरण तसं नाही, आणि खरं तर मला लिहायचं आहे ते तेवढंच.

वनिता सुरगाण्याकडची. तिची आई मजुरांच्या टोळीबरोबर दर हंगामात दिंडोरीच्या बागांवर कामाला येते आणि वनिताही लहानपणी तिच्या मागे बागेतच वाढली. मुलगी हट्टानं शिकली, एम.ए. झाली आणि कळवणच्या एका कॉलेजात तासांवर शिकवू लागली. तासांवर म्हणजे घेतले तेवढ्या तासांचे पैसे, सुट्टीत काही नाही. त्याच कॉलेजात समाजशास्त्राची एक कायम जागा निघाली होती. त्या मुलाखतीला मान्यताप्राप्त पत्रिकेत छापलेला एक लेख तरी हवा होता. तो तिनं आमच्याकडे पाठवला.

लेखाचा विषय होता द्राक्षबागेत काम करणाऱ्या आदिवासी बाया आणि त्यांचे हात. ज्यांना बाग माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. दसऱ्याच्या आगेमागे वेलीची गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, होते. छाटल्यावर काडीवर जे डोळे राहतात, म्हणजे जिथून नवी फूट येते त्या गाठी, त्यांना लवकर फुटावं म्हणून एक औषध लावतात. त्याला सगळे पेस्टच म्हणतात. ती बाया हातानं लावतात, फडकं नाहीतर बोटं बुडवून. बोटांची कातडी सोलून निघते. पुढं फुटी वर आल्या की ज्या फुटीला घड नाही तिला फेल म्हणतात, ती खुडून टाकायची. ते काम म्हणजे फेल काढणं. वनितानं टोळ्यांबरोबर बागेत राहून बायांशी बोलून हे सगळं लिहिलं होतं आणि शेवटी साधी मागणी केली होती, की बागायतदारानं हातमोजे द्यावेत आणि पेस्टच्या बाटलीवरची सूचना बायांना वाचून दाखवावी. मी बरेच लेख वाचलेत. वाचताना लेखक समोर बसून बोलतोय असं फार थोड्या वेळा वाटलं, त्यातला हा.

पंचांकडून एक उत्तर आलं, उत्तम, छापावा. दुसऱ्याचं आलं, 'वाङ्मयचौर्य. यातले तक्ते अमुक प्राचार्यांच्या प्रसिद्ध लेखातून जसेच्या तसे उचलले आहेत. लेखकावर कारवाई व्हावी.' सोबत त्या लेखाची प्रत जोडली होती.

हे प्राचार्य वनिताचे पीएच.डी.चे मार्गदर्शक. जिल्ह्यात मोठं नाव, हार-तुऱ्यांत वावरणारा माणूस. नाव लिहीत नाही. त्यांचा लेख दुसऱ्या एका पत्रिकेत आधीच छापून आला होता. तक्ते खरोखर आकड्याला आकडा जुळत होते. पंच आपल्या जागी बरोबर होता. ज्याचा आधी छापला त्याचा, हाच आमचा नियम.

मी वनिताला बोलावून घेतलं. ती आली, खुर्चीच्या कडेला बसली. मी पंचाचं मत वाचून दाखवलं.

"सर, मी चोरलं?" ती म्हणाली. "माझ्या आईची बोटं मी सरांकडून चोरली?"

"तुझा लेख त्यांच्याकडे होता का?"

"तपासायला दिला होता ना. सगळाच दिला होता, तक्ते, बायांची बोलणी, सगळं. म्हणाले, घाई करू नको, मी बघून ठेवतो." मग म्हणाली, "सर, मुलाखतीच्या आधी हे तिथं कळलं तर मला आत पण नाही घेणार."

ती गेल्यावर मी प्राचार्यांचा लेख वाचायला घेतला. शीर्षक होतं, 'द्राक्ष बागायतीतील अनुत्तीर्ण महिला : एक समाजशास्त्रीय अभ्यास'. मला वाटलं, शाळेत नापास झालेल्या मुली पुढे मजुरीला जातात असं काही असेल. दुसऱ्या पानावर वाक्य होतं, 'अनुत्तीर्ण महिला प्रामुख्याने गुन्हेगारी गटांमधून बागेत येतात.' तिसऱ्या पानावर, 'काठी कापल्यानंतर महिला नेत्रांना लेप लावतात, त्यामुळे त्यांच्या बोटांची त्वचा सोलते.' तिथं मला एकदम हसू फुटलं. ऑफिसात एकटाच होतो म्हणून बरं.

चोरलेला लेख संगणकाच्या तपासणीत सापडू नये म्हणून हल्ली लोक तो मराठीतून इंग्रजीत, इंग्रजीतून हिंदीत आणि हिंदीतून परत मराठीत फिरवून आणतात. सगळं यंत्रच करतं. शब्द बदलतात, साम्य निघत नाही. आम्ही त्याला 'धुऊन आणणं' म्हणायचो. प्राचार्यांनी वनिताचा लेख धुऊन आणला होता. त्यात टोळीचा गुन्हेगारी गट झाला, काडीची काठी झाली, डोळ्यांचे नेत्र झाले आणि फेल काढणाऱ्या बायांच्या अनुत्तीर्ण महिला झाल्या. प्राचार्यांनी छापण्याआधी तो वाचला नसावा. त्यांच्या पंचांनी वाचला नव्हता. संपादकांनी वाचला नव्हता. आणि या शब्दांना धरून प्राचार्यांनी, की यंत्रानं, कुणास ठाऊक, निष्कर्षही काढला होता, की या महिलांसाठी बागेवर प्रौढ शिक्षणाचे वर्ग काढावेत. हातमोज्यांची मागणी तेवढी गळाली होती. प्राचार्यांच्या घरचीही बाग आहे, हा योगायोग समजावा.

हसू ओसरल्यावर मला फार आनंद झाला. खोटं कशाला बोलू, शिकाऱ्याला होतो तसला. 'अनुत्तीर्ण महिला' हे शब्द फक्त 'फेल काढणाऱ्या बाया' यातूनच निघू शकतात. उलटा प्रवास शक्यच नाही. 'अनुत्तीर्ण महिला' यावरून कोणी वनिता 'फेल काढणं' लिहू शकत नाही. मूळ कोणाचं आणि धुतलेलं कोणाचं, हे प्राचार्यांच्याच लेखानं पानोपानी सांगून ठेवलं होतं. चोराच्या वाटा चोराला ठाऊक असं म्हणतात, इथं तर चोरालाही ठाऊक नव्हत्या.

तरी खात्री करावी म्हणून मी वनिताबरोबर दिंडोरीकडच्या त्या बागेवर गेलो. तिची आई, सोनाबाई, मांडवाखाली हात वर करून फेल काढत होती. आम्हाला बघून बांधावर आली. मी तिला प्राचार्यांच्या लेखातलं तिचंच म्हणून दिलेलं वाक्य वाचून दाखवलं, 'आम्ही अनुत्तीर्ण नाही, आम्ही अनुत्तीर्ण काढतो.'

"हे काय बोलणं?" ती वनिताकडे बघून म्हणाली. "मी असं कदी बोलले?"

वनितानं फोनवर भरून घेतलेलं बोलणं लावलं. त्यात सोनाबाईचाच आवाज होता. कोणा मुकादमानं टोळीतल्या बायांना काही तरी चिडवलं होतं, त्याला ती सांगत होती, "आमी फेल नाय रं बाबा, आमी फेल काढतो." मागं बाकीच्या बाया हसत होत्या.

"हां, हे माझं," सोनाबाई म्हणाली. मग मला विचारू लागली, "साहेब, पोरीला नोकरी लागंल ना? लय शिकली हो ती. मी पेस्ट लावून लावून शिकवली." तिची बोटं मी तेव्हा नीट बघितली. टोकांना कातडी नव्हतीच, नुसता गुळगुळीत गुलाबी चकाकता भाग होता. चहा आणला तर तिनं कप पदरानं धरला.

परत आल्यावर मी टिपण तयार केलं. माझ्या हयातीतलं ते सगळ्यात नेटकं काम म्हणायला हरकत नाही. डाव्या रकान्यात प्राचार्यांच्या लेखातलं छापील वाक्य, उजव्या रकान्यात वनिताच्या लेखातलं मूळ वाक्य. 'अनुत्तीर्ण महिला', 'फेल काढणाऱ्या बाया'. 'नेत्रांना लेप', 'डोळ्यांना पेस्ट'. 'गुन्हेगारी गट', 'टोळी'. सोनाबाईचं वाक्यही घातलं. असं सगळं, लेखाच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंत, पान क्रमांकांसकट. खाली लिहिलं, की यावरून मूळ लेखन कुमारी भोये यांचं असल्याचं सिद्ध होतं, सबब प्राचार्यांचा लेख मागे घेण्यात यावा. आणि ते आमच्या प्रधान संपादकांकडे नेऊन दिलं.

प्रधान संपादकांना सगळे अण्णा म्हणत. स्वतः निवृत्त प्राचार्य, सज्जन, कोणाचं वाईट न चिंतणारे. त्यांनी टिपण दोनदा वाचलं. 'नेत्रांना लेप'ला तेही हसले. मग चष्मा काढून म्हणाले, "अहो, हे भयंकर आहे."

"मग त्या पत्रिकेला आजच पाठवू या."

"पाठवू. पण आधी मी सरांच्या कानावर घालतो. आपलेच दात, आपलेच ओठ. त्यांना आपणहून लेख मागे घ्यायची संधी द्यायला हवी. मुलीचंही भलं होईल, बोभाटाही नाही."

मी म्हटलं, "अण्णा, टिपण त्यांच्या हातात देऊ नका."

"तुमचा विश्वास नाही का माणसांवर?" अण्णांनी विचारलं. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. मी टिपण परत मागितलं नाही, कारण अण्णा माझे वरिष्ठ होते आणि माणूस म्हणून माझ्यापेक्षा कितीतरी चांगले होते. चांगल्या माणसांपायी किती वाटोळं होतं हे मी या धंद्यात पुष्कळ बघितलं आहे. वाईट माणसाशी निदान सावधपणे वागता येतं.

काही दिवस काहीच झालं नाही. मग त्या दुसऱ्या पत्रिकेचा नवा अंक आला. शेवटच्या पानावर शुद्धिपत्र होतं. 'मागील अंकातील लेखात संगणकीय अक्षरजुळणीच्या वेळी काही मुद्रणदोष राहून गेले. ते पुढीलप्रमाणे दुरुस्त करून वाचावेत.' खाली दोन रकाने. डावीकडे 'अशुद्ध', उजवीकडे 'शुद्ध'. 'अनुत्तीर्ण महिला' ऐवजी 'फेल काढणाऱ्या बाया' असे वाचावे. 'नेत्रांना लेप' ऐवजी 'डोळ्यांना पेस्ट'. माझंच टिपण, माझ्याच क्रमानं. 'मुकादम' लिहिताना माझ्याकडून एका ठिकाणी मु दीर्घ पडला होता, तोही तसाच. या माणसानं शुद्धिपत्रसुद्धा स्वतः लिहिलं नव्हतं. खाली बारीक अक्षरांत होतं, 'हे दोष साक्षेपाने निदर्शनास आणून दिल्याबद्दल' आणि पुढे माझं नाव, 'यांचे लेखक ऋणी आहेत.'

संकेतस्थळावरचा जुना लेख काढून तिथं दुरुस्त केलेला चढवला होता. वनिताची सगळी मूळ वाक्यं आता प्राचार्यांच्या नावावर जागच्या जागी बसली होती. निष्कर्ष मात्र कोणी दुरुस्त केला नव्हता. फेल काढणाऱ्या बायांसाठी प्रौढ शिक्षणाचे वर्ग काढावेत, ही शिफारस तशीच होती.

मी अंक घेऊन अण्णांकडे गेलो. त्यांचा चेहरा उतरला, पण ते म्हणाले, "आता कसं सिद्ध करणार? ते म्हणतील मुद्रणदोष होता. आणि माहिती माझ्याच मार्गदर्शनाखाली जमवली, असंही म्हणतायत."

"जुना छापील अंक माझ्याकडे आहे. एवढे सगळे मुद्रणदोष एकाच लेखात, आणि सगळे अर्थ लागणारे? कुठला जुळारी 'टोळी'ला 'गुन्हेगारी गट' जुळवतो?"

"तुम्हाला पटतंय, मला पटतंय. समितीला शुद्धिपत्र दिसणार. चूक झाली, सुधारली, विषय संपला." मग अगदी हळू म्हणाले, "मी चुकलो हो. मला वाटलं, शरमेल."

तरी मी समितीपुढे गेलो. संपादक मंडळातल्या जाणत्या मंडळींची समिती. त्यांनी चहा दिला, ऐकून घेतलं. मी सोनाबाईचं बोलणं ऐकवू का विचारलं, तर एक जण म्हणाले, ध्वनिमुद्रणाला संदर्भमूल्य नाही, छापील काय आहे ते सांगा. छापील प्राचार्यांचं होतं. वनिताचा लेख 'पूर्वप्रकाशित मजकुराशी साम्य' असा शेरा मारून परत करावा असं ठरलं. चोरी हा शब्द लिहू नये, मुलीच्या भवितव्याचा प्रश्न आहे, असं त्यांनी मोठ्या मनानं सांगितलं. परतीच्या पत्रावर सही माझी होती, कारण ती पद्धतच होती. मी केली नसती तर दुसऱ्या कोणी केली असती, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. आजही तेच सांगतो आणि आजही पटत नाही.

प्राचार्यांचा मला फोन आला. आवाज इतका गोड की वाटावं, माहेरचं माणूस बोलतंय. "तुमच्यासारखे चोखंदळ वाचक राहिले नाहीत हो. नाहीतर त्या छापखानेवाल्यांनी माझी बेअब्रूच केली होती." मी म्हटलं, "सर, वनिताचं काय?" ते म्हणाले, "मुलगी हुशार आहे, पण घाई फार. मी तिला कितीदा सांगितलं, थांब." मला त्यांना बरंच काही सुनवायचं होतं. मी फक्त फोन ठेवला. आजवर शिव्या लिहिलेल्या लेखांतून शिव्या काढण्यात आयुष्य गेलं, ऐन वेळी तोंडात एक येईना.

वनिताची मुलाखत झाली. मुलाखत घेणाऱ्यांनी तिला एकच विचारलं, की तुमचा लेख नाशिकच्या पत्रिकेनं परत का पाठवला. तिनं खरं सांगितलं. त्यांच्यातल्या एकानं तिला समजावलं, की मार्गदर्शकाविषयी असं बोलू नये. ती जागा दुसऱ्या कोणाला मिळाली. वनिता अजून तासांवरच शिकवते. मार्गदर्शक तिनं बदलून घेतला, त्यासाठी खेटे घालता घालता चप्पल झिजली. प्रबंध मात्र सोडला नाही. नवीन मार्गदर्शक बाई तशा सरळ आहेत, असं तिच्याकडून ऐकलं होतं.

त्यानंतर मी फार दिवस नोकरीत राहिलो नाही. निरोप समारंभात अण्णांनी माझ्या साक्षेपी नजरेचं कौतुक केलं आणि मला त्यांच्या डोळ्यांकडे बघवेना. निवृत्त माणसाला लोक विचारतात, वेळ कसा जातो. माझा जातो जुना अंक आणि नवा अंक शेजारी ठेवून बघण्यात. बायको म्हणते, आता पुरे, रद्दीत घाला.

परवा वनिताचा फोन आला. प्रबंध जमा करायच्या आधीच्या तपासणीत अडकला होता. संगणक म्हणत होता, हिची पुष्कळ वाक्यं प्राचार्यांच्या प्रसिद्ध लेखाशी शब्दाला शब्द जुळतात. मला क्षणभर कळेना. धुतलेला लेख तर हिच्या लेखाशी जुळत नव्हता. मग उजेड पडला. तो धुतलेला होता तोवर जुळत नव्हता. मी तो दुरुस्त करून दिला होता.

"बाई म्हणतात, भांडत बसलीस तर वर्ष जाईल," वनिता म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, ती फक्त थकली होती. "म्हणतात, जुळतं त्या प्रत्येक वाक्यापुढे संदर्भ देऊन टाक, मग प्रबंध सुटेल. बाकीची वाक्यं मी केली, सर. एक राहिलंय. आईचं बोलणं आहे ना, ते. त्याच्यापुढे कंसात आईचं नाव चालेल का?"

चालणार नाही हे मला माहीत होतं. ज्यानं आधी छापलं त्याचं नाव, हा नियम मी कैक मुलांना फळ्यावर लिहून शिकवला आहे. चालेल म्हणावं असं फार वाटलं. पण चालेल म्हटलं असतं तर प्रबंध पुन्हा परत आला असता, आणि या वेळी माझ्या सल्ल्यानं.

"नाही चालणार, बेटा," मी म्हणालो. "त्यांचं आडनाव, स्वल्पविराम, वर्ष, स्वल्पविराम, पान."

मग तिनं विचारलं, "पान कितवं, सर?"

पान मला पाठ होतं. मी सांगितलं आणि तिनं ते लिहून घेतलं.